बर्फातून आलेल्या काचा

ता. २८ एप्रिल १९२७, गुरुवार

पोस्टाचा माणूस आज पेटी टाकून गेला. वीतभर लांब, वीतभर रुंद, लाकडाची, चारी बाजूंनी लाखेचे ठसे. वर लाल शाईनं इंग्रजीच्या दोन ओळी, खाली दुहेरी रेघ. मला इंग्रजी येत नाही — मराठी चार बुकं झाली अन् मळ्यात लागलो. पण खाली पत्ता मराठीतही आहे, तो भगवंताच्या हातचा. अक्षर सरळ आहे. म्हणजे हात शाबूत आहे! मागच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की तिकडच्या थंडीत कॅमेऱ्याच्या पितळेला उघडं बोट लागलं तर कातडी तिथंच चिकटून राहते. तेव्हापासून मी पोराचं पत्र आधी वाचत नाही, अक्षर पाहतो.

पेटी आली, पत्र नाही. पत्र का नाही? पत्र आधी यायला पाहिजे.

पंजाबरावांना घरी बोलावून पेटी दाखवली. बाजारात त्यांची कांद्याची जागा माझ्या भाजीच्या शेजारी, अन् ते थोडं इंग्रजी वाचतात. चष्मा पुसून म्हणाले, "काच आहे, जपून — असं लिवलं."

"अन् दुसरी ओळ?"

"ते असंन काही सरकारी."

भगवंताची आई म्हणाली, "उघडा न मंग!" मी म्हटलं, थांब. बुधवारी आखाजी आहे, अक्षय्य तृतीया. आमच्या घरी बाहेरून आलेली पहिली चीज देवापुढं दिवा लावून, हळदकुंकू वाहूनच उघडायची — मग तो बागेतला पहिला संत्रा असो की लेकाचं पहिलं धोतर. माझ्या बापाच्या वेळेपासून हेच. पोराच्या हातची पहिली कमाई आहे ही. सहा दिवसांनी काय बिघडतं?

तोवर पेटी कोनाड्यात.

ता. ३० एप्रिल, शनिवार

शकुनला अजून कोथिंबिरीची जुडी बांधता येत नाही. भगवंताची बायको म्हणून घरात येऊन दोन वर्षं झाली, पण गाठ तिवश्याची ती तिवश्याचीच! तिच्या माहेरी केळीच्या सोपाचे दोन वेढे घालून टोक आत दाबतात. आवळली की आवळली. आमची माळ्याची गाठ निराळी — एक वेढा, एक फास, टोक मोकळं. टोक ओढलं की गिऱ्हाइकाच्या हातात जुडी आपोआप सुटते. भगवंत सातव्या वर्षी शिकला.

आज पंजाबराव सगळ्या बाजारात ओरडले, "नत्थुभाऊ, तुमच्या सुनेच्या सांभाराले कुऱ्हाड लागते!" लोक हसले. घरी येऊन मी तिला म्हटलं, तू निवडून दे, बांधू नको. बांधायला मी आहे. ती उठली. सांभाराचा वास हाताला लागलेला तसाच, आत गेली.

जास्त बोललो का? बोललो.

ता. १ मे, रविवार

ऊन असं आहे की विहिरीवर मोटेचे बैल दुपारी उभे राहत नाहीत. अन् पोरगा बर्फात! माणूस किती वेळा चिंता करणार? थंडीची करावी की उन्हाची?

हे सगळं सेमाडोहपासून सुरू झालं. मागच्या उन्हाळ्यात एक साहेब तिथल्या जंगलात गव्यांचे फोटो काढायला आला. त्याला काचांच्या पेट्या वाहणारा, कामातलं थोडं कळणारा माणूस पाहिजे होता. अकोल्याच्या इनायतुल्लानं भगवंताचं नाव दिलं. इनायतुल्ला फोटोवाला — भगवंताचा उस्ताद. संत्र्याची झाडं सोडून हा पोरगा तीन वर्षं त्याच्या अंधाऱ्या खोलीत राबला. तर म्हणे गवा वीस हातांवर आला तेव्हा साहेबाचा हात हलला, याचा नाही हलला. झालं! साहेबानं त्याला उचलून दक्षिणेच्या टोकाला नेलं, देवमाशांच्या समुद्रात. नऊ महिने झाले.

जनावराला भिऊ द्यायचं नाही, आपणच दगड होऊन बसायचं, असं तो सांगायचा. माझा पोरगा अन् दगड! लहानपणी पाच मिनिटं एका जागी बसत नव्हता.

ता. ४ मे, बुधवार. आखाजी

उघडली पेटी.

सकाळी घागर भरली, आंबा ठेवला, दोन्ही समया लावल्या. भगवंताच्या आईनं लाखेवर कुंकू लावलं. मी विळ्यानं झाकण उचकटलं. आत लाकडाचा भुसा, अन् भुशात काळ्या कागदाचे तीन पुडे. प्रत्येकावर पांढऱ्या पेन्सिलीनं आकडा — १, २, ३. सुतळीला आमचीच गाठ! एक वेढा, एक फास, टोक मोकळं. त्या थंडीत बसून पोरानं माळ्याचीच गाठ मारली. माझे डोळे भरले ते कोणाला दिसू दिलं नाही.

पहिल्या पुड्याचं टोक ओढलं. आतून चार काचा निघाल्या, एका अंगानं दुधाची साय लावल्यासारख्या. चारी ताटात ठेवून समयांपुढं मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. चित्र कुठं दिसेना. उंबऱ्यावर नेऊन उन्हात धरल्या. काही नाही.

"कोऱ्या काचा धाडल्या का जी त्यानं?" भगवंताची आई.

"इतक्या दुरून?" मी.

शकुन म्हणाली, "पुसू नका मामाजी. त्याइनं काही लावलं असंन त्याच्यावर."

चारी काचा परत पुड्यात, वर आमचीच गाठ, पुडा पेटीत. बाकी दोन उघडले नाहीत. देवाला एक दाखवला म्हणजे सगळे दाखवले. जेवणाला पुरणपोळी होती, पण मन त्या काचांत.

ता. ५ मे, गुरुवार

कोऱ्या काचेला कोणी लाख लावतं का?

ता. ९ मे, सोमवार

आज पत्र आलं.

सगळ्यांना वाचून दाखवलं, कारण भगवंताची आई समोर बसूनच असते अन् शकुन दाराआड. इथं उतरवून ठेवतो.

'बाबा, पेटी आली असेल. ती उघडू नका. या काचांवर चित्र आहे पण ते अजून झोपलेलं आहे, औषधात धुतल्याशिवाय उठत नाही. तोवर उजेड दाखवायचा नाही — उन्हाचा नाही, दिव्याचाही नाही. वर लाल शाईनं तेच लिहून घेतलं आहे. पेटी जशीच्या तशी उस्तादांकडे अकोल्याला न्या. साहेबांच्या काचा जहाजावरच धुतात. पण या बारा काचा साहेबांनी मला माझ्या म्हणून दिल्या होत्या. माझं पहिलं काम उस्तादांच्या हातानंच उठावं असं मनात आहे.'

मग कोणत्या पुड्यात काय, ते. पहिल्यात पेंग्विन म्हणून पक्षी, उभे चालतात अन् पोटावर घसरतात. पिल्लाला पायांवर ठेवून पोटाखाली झाकतात. ("उडत नाही? मंग पक्षी कायचा!" — भगवंताची आई, तेवढ्यातही.) दुसऱ्यात सील — पाण्यातलं मोठं जनावर, कुत्र्यासारखं तोंड, पायांच्या जागी वल्ही. त्याचं पिल्लू बर्फाच्या भोकातून पहिल्यांदा पाण्यात उतरलं. आई काठावर बसून भोकाकडं पाहत राहिली. 'मी तीन दिवस तिथं आडवा होतो. श्वास रोखून धरावा लागतो, नाहीतर भिंगावर वाफेचा बर्फ होतो. कॅमेऱ्याचं तेल गोठू नये म्हणून ते आधीच पुसून काढलं होतं. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडं पाहणंच सोडलं. मग मी काच लावली.' तिसऱ्यात देवमासा, फुटक्या बर्फातून वर येताना, नावेच्या इतका जवळ की त्याच्या श्वासाची घाण तोंडावर आली.

अन् शेवटी: 'उस्ताद छापे काढून साहेबांना पाठवतील. जूनच्या अखेरीस पोहोचले पाहिजेत. चांगले निघाले तर साहेब मला पुढल्या तीन वर्षांच्या सफरीला कॅमेऱ्यावर घेणार. नाही निघाले तर मुंबईच्या बोटीत बसवून देणार.'

दिव्याचाही नाही! आम्ही तर दोन समया लावल्या. अन् वरून ऊन.

ता. १० मे, मंगळवार

सकाळी पालक खुडताना शकुन जवळ आली. सहसा बोलत नाही.

"मामाजी, फोटो नाही निंगाले तं ते घरी येतीन?"

"पत्रात तसं लिवलं."

"अन् निंगाले तं तीन वर्ष."

"हो."

तिनं चार-पाच पानं खुडली. "अजून तीन आखाज्या," म्हणाली. मी पुढच्या वाफ्यात सरकलो.

इनायतुल्लाला कार्ड टाकलं. समयांचं लिहिलं नाही. कार्डावर कसं लिहू?

ता. १२ मे, गुरुवार

आज एक वाईट गोष्ट मनात आली. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

घरी कोणी नव्हतं. दोघी मळ्यात. मी कोनाड्यातून पेटी काढली अन् अंगणात खाटेवर घेऊन बसलो. चार काचा तर मी मारल्याच. आठ राहिल्या. त्याही उन्हात धरल्या तर? कोणाला कळणार नाही. आखाजीला सगळेच उघडले म्हणायचं — म्हाताऱ्याची चूक, कोण काय करेल! अन् भगवंत श्रावणापर्यंत दारात. त्याच्या बोटांची कातडी जागेवर, माझी झोप जागेवर.

दुसरा पुडा हातात घेतला. मोकळं टोक माझ्या चिमटीत आलं. नुसतं ओढायचं. मग गाठ दिसली. ही गाठ मी त्याला विहिरीच्या थारोळ्यावर बसून शिकवली होती. दहा वेळा चुकला, अकराव्यांदा जमली तेव्हा त्यानं हाताला लागेल ते बांधलं — माझं पागोटं, बैलाची शेपटी!

ठेवून दिलं. दोन्ही गाठी तपासून ठेवून दिलं. झाकणावर पाटा ठेवला.

काहून मी असा विचार केला? पोराचा तीन दिवसांचा श्वास आहे त्या काचेत.

ता. १४ मे, शनिवार

इनायतुल्लाचं उत्तर: सोमवारी या. पहाटेच्या गाडीनं त्याच्याकडं बर्फाची लादी येते. बर्फाशिवाय धुता येत नाही — इतक्या उन्हात औषध गरम होऊन काचेवरची साय सुटून वाहते म्हणे. बर्फातले फोटो, अन् उठवायलाही बर्फच पाहिजे!

शकुनचं डोकं दुखतं. मळ्यात आली नाही. आम्ही दोघंच बाजाराला गेलो. सांभार सगळा गेला, पालक सुकला.

ता. १५ मे, रविवार

पेटी गोधडीत गुंडाळली. वरून ओलं पोतं. उघडून पाहिलं नाही, आता हिंमत नाही. गाडी चुकली तर? बडनेऱ्याला बदलताना कोणी धक्का दिला तर? भगवंताची आई म्हणते, "तुमी पेटीले नेऊन राहिले का पेटी तुमाले?"

ता. १६ मे, सोमवार. अकोला

इनायतुल्लाच्या दुकानातच बसून लिहितो आहे.

पोहोचताच त्याला समयांचं सांगून टाकलं. प्रवासभर पाठ केलं होतं ते विसरलो अन् नुसतं म्हटलं, "एक पुडा देवापुढं उघडला मी." तो दाढीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "तुमच्या देवाले अंधारात दिसत नाही का, नत्थुभाऊ?"

रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

बर्फाची लादी भुशात होती. बर्फ शरबतवाल्याकडं लांबून पाहिला होता, हातात कधी घेतला नव्हता. इनायतुल्लानं फोडताना एक तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. आधी गार, मग पोळल्यासारखं. मी सोडला नाही. वितळेपर्यंत धरून उभा राहिलो. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. नऊ महिने पोरगा यावर झोपतो!

मग अंधारी खोली. लाल काचेचा कंदील, तोही कापडानं झाकलेला. मला भिंतीला पाठ लावून उभं केलं, "हलू नका, बोलू नका, बिडी तं बिलकूल नाही." पहिला पुडा एका ओढीत सुटला. चारी काचा औषधात टाकल्या — टाकल्या टाकल्या काळ्या ठिक्कर. हे माहीतच होतं.

दुसऱ्या पुड्याशी तो झटत राहिला. "तौबा! हे कोणं आवळलं? कैची द्या, ती खिळ्याले लटकून आहे." कापला. पहिली काच काळी. दुसरी हळू हळू काठानं काळवंडली, पण मध्ये काहीतरी थांबलं. तिसरी काळी. चौथी काळी. मग तिसरा पुडा — पुन्हा कैची. चारी काळ्या.

अकरा गेल्या. एक राहिली.

बाहेर आल्यावर तो पाण्याचा लोटा तोंडाला न लावता हातात धरून बसला. "भाऊ, यायनं उजेड पायला. तुमच्या पुड्यानं ऊन पायलं, बाकीच्यायनं जराकसा — दिवा असंन, दाराची फट असंन. मधातली तेवढी वाचली. बंबईले जकातीवाल्यायनं खोललं असंन."

मी म्हटलं, तसंच असेल. तेच असेल. जकातीवाले.

ता. १७ मे, मंगळवार

रात्री त्याच्याच ओसरीवर राहिलो. सकाळी त्यानं वाचलेल्या काचेचा छापा काढला. कागदावर काच दाबून उन्हात ठेवायची. आता ऊन चालतं! हा धंदा मला कळणार नाही.

चित्र हळू हळू तांबूस होत वर आलं. भोक. भोकाच्या काठावर सील. मान लांब करून खाली पाहते आहे, ओठांवरच्या मिशांना बर्फाचे मणी. पिल्लू दिसत नाही, ते खाली गेलेलं. तिला कोणी फोटो काढतो आहे याचं भानच नाही. काचेच्या काठाचा बिघाड छाप्यात पांढरा उतरला आहे, तोही बर्फच वाटतो.

इनायतुल्लानं छापा उचलला, दूर धरला, जवळ आणला. "मी तीस वर्षं लोकायले खुर्चीवर बसवून म्हणतो हलू नका, हलू नका. अन् हा पोट्टा!" मग पाठ फिरवून कितीतरी वेळ औषधाची तसराळी धूत राहिला.

एक छापा तो साहेबाला पाठवणार, एक मला दिला. सोबतची चिठ्ठी मी सांगायची, इंग्रजी तो करणार. मी सांगितलं: चार काचा बापाच्या चुकीनं गेल्या, सात जकातीत. पोराच्या हाताचा दोष नाही. कच्चं लिहून घरी घेऊन आलो, भगवंताच्या आईला ऐकवून मग धाडीन.

अकरा काचा गेल्या तर साहेब त्याला कशाला ठेवेल? मुंबईची बोट. मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटत नाही.

ता. १८ मे, बुधवार

छापा दोघींना दाखवला. भगवंताची आई म्हणाली, "माय! कशी वाट पाहून राहिली!" शकुननं दोन्ही हातांनी धरला, अन् लगेच परत दिला. जेवली नाही.

ता. १९ मे, गुरुवार

पेटी रिकामी करायला घेतली. भुसा झाडांना घालावा म्हणून. भुशात इनायतुल्लानं टाकलेले सुतळीचे तुकडे निघाले. एक माझा, मोकळा, पूर्ण. दोन कापलेले, अन् दोन्हींवर गाठ तशीच राहिलेली — दोन वेढे, टोक आत दाबलेलं. तिवश्याची.

मागच्या गुरुवारी त्या पुड्यांना भगवंताची गाठ होती. मी चिमटीत धरून पाहिली होती.

तुकडे चुलीत घातले. परवाची चिठ्ठी फाडली, नवीन लिहिली: बाराही काचा मीच देवापुढं उघडल्या. म्हातारा आहे, समजलं नाही. एक वाचली आहे, तिच्यावरून पोराची पारख करावी.

शकुन दाराशी उभी होती. "मामाजी, काय लिवलं?"

जसं लिहिलं तसं वाचून दाखवलं. ती खाली बसली. पदर तोंडाला लावला.

मी म्हटलं, "उद्यापासून सांभाराच्या जुड्या तूच बांध."